वास, रंग आणि सेन्सर

आई पहिल्यांदा जर्सी सिटीला आली तेव्हा नळाचं पाणी पिऊन म्हणाली, "अरे, याला आपल्या ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरीचा वास येतोय!"

आईचं नाक बरोबर होतं. मंडळी, याच शहराच्या पाण्यात २६ सप्टेंबर १९०८ पासून डॉ. जॉन लील यांनी बूंटनच्या जलाशयावर ब्लीचिंग पावडर मिसळायला सुरुवात केली. अमेरिकेत शहराच्या पाण्याला कायमस्वरूपी क्लोरीन देण्याची ती सुरुवात. तेव्हा कोर्टात खटला चालू होता. बायकामुलांना हे पाणी द्यायला कचराल का, या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, "माझ्या मते हे जगातलं सर्वांत सुरक्षित पाणी आहे."

पण क्लोरीन उरलाय किती, हे कळायचं कसं? आधी ऑर्थोटोलिडीनचा पिवळा रंग पाहत. १९५७ मध्ये पेलिन यांनी डीपीडीची गुलाबी चाचणी दिली. आता मी ज्या सेन्सरांवर काम करतो, त्यात हायपोक्लोरस आम्ल पातळ पडद्यातून आत शिरतं. इलेक्ट्रोडवर जितका विद्युतप्रवाह, तितका क्लोरीन. मात्र पाण्याचा सामू वाढला की आकडा कमी दिसतो. म्हणून आम्ही आजही गुलाबी रंगाशी ताळा करून बघतो.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे यंत्रावरही लक्ष ठेवायला माणूस लागतोच की!"