आमटे, मुरलीधर देविदास (बाबा आमटे) : शैक्षणिक कार्य

(२६ डिसेंबर १९१४–९ फेब्रुवारी २००८). कुष्ठसेवक, समाजसुधारक आणि वरोरा (जि. चंद्रपूर) येथील आनंद निकेतन महाविद्यालयाचे संस्थापक. त्यांच्या कुष्ठसेवेविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थांविषयी आहे.

जीवनपट : जन्म हिंगणघाट (जि. वर्धा) येथे जमीनदार कुटुंबात. नागपूरला कायद्याचे शिक्षण. वरोरा येथे वकिली. काही काळ तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष. १९४६ मध्ये इंदू घुले (साधनाताई) यांच्याशी विवाह. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना. कुष्ठरोगोपचाराचे प्रशिक्षण कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये.

महाविद्यालयाची पार्श्वभूमी : वरोऱ्यालगतच्या सुमारे ५० एकर पडीक, खडकाळ जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन वसले. विनोबा भावे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. रुग्णांनी विहिरी खोदल्या, रान साफ केले, भाजीपाला पिकवला. परंतु कुष्ठरोग्यांच्या हातचा माल म्हणून तो गावात कोणी घेईना. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक येथे राहिले. ते रुग्णांबरोबर राबले व जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. याच सुमारास डॅप्सोन या औषधामुळे रोग आटोक्यात येऊ लागल्याचाही त्यात वाटा असावा.

आनंद निकेतन महाविद्यालय : १९६४ मध्ये आनंदवनाच्या परिसरात कला, विज्ञान व वाणिज्य शाखांचे महाविद्यालय सुरू झाले, १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले. इमारतींच्या उभारणीत आनंदवनातील रुग्णांनी श्रम केले. हे महाविद्यालय रुग्णांसाठी नव्हते, वरोरा व आसपासच्या गावांतील मुलामुलींसाठी होते. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच गावाला उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले. कुष्ठवसाहतीच्या आवारात आपली मुले रोज पाठवणे ही त्या काळातील पालकांसाठी लहान गोष्ट नव्हती. व्याख्यानांनी आणि पत्रकांनी जे सहजी साधत नाही, ते या नित्याच्या जाण्यायेण्याने साधले; या संस्थेचे खरे महत्त्व येथे आहे. कृषी महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे. अन्य शाखा आधी नागपूर विद्यापीठाकडे होत्या. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या तिकडे वर्ग झाल्या.

अपंगांचे शिक्षण : अंध विद्यालय (१९६६), मूकबधिर विद्यालय, व्यवसाय-प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन.

सोमनाथ : मूल तालुक्यातील या प्रकल्पामागे (१९६७) श्रमिक विद्यापीठाची कल्पना होती. शेतात राबता राबता शिकावे, शिक्षणाची किंमत पदवीने ठरू नये, असा तिचा आशय होता. विद्यापीठ म्हणून ती औपचारिक रूपात आली नाही. मात्र तेथे उन्हाळ्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीतून महाराष्ट्रातील तरुणांच्या अनेक पिढ्या गेल्या व त्यांतील काहींनी पुढे सामाजिक कामाला वाहून घेतले.

हेमलकसा : भामरागड परिसरातील माडिया गोंडांसाठी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. प्रकल्पाची धुरा पुत्र प्रकाश व स्नुषा मंदाकिनी यांनी वाहिली. येथील आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांपैकी काही डॉक्टर, वकील व शिक्षक झाले.

इतर सार्वजनिक कार्य : १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या नियोजित धरणांना त्यांनी विरोध केला. भारत जोडो अभियान व नर्मदा आंदोलन यांतील सहभाग या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

मूल्यमापन : आमटे यांच्या संस्थांकडे अनेकदा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा विस्तार म्हणून पाहिले जाते. त्यामुळे साधनाताई, सहकारी आणि प्रत्यक्ष बांधकाम करणारे रुग्ण यांचे श्रेय झाकोळते. महाविद्यालयाच्या इतिहासात या निनावी श्रमिकांना संस्थापकाच्या बरोबरीचे स्थान मिळणे न्याय्य ठरेल.

सन्मान : पद्मश्री (१९७१), मॅगसेसे पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९८६), टेंपल्टन पुरस्कार (१९९०), गांधी शांतता पुरस्कार (१९९९).