सायकलच्या पाण्याच्या बाटलीवर डाग का पडतात? पांढऱ्या, पिवळ्या आणि काळ्या डागांचे उपाय वेगवेगळे

बारामती-इंदापूर भागात रोज सायकल चालवणाऱ्या कुणाचीही पाण्याची बाटली उजेडासमोर धरून बघा. तळाशी पांढरट थर, मध्यावर पिवळसर झाक आणि तोंडाच्या खाचेत काळे ठिपके असं तिन्ही एकाच बाटलीत सापडू शकतं. बहुतेक जण या सगळ्यावर भांड्याचा साबण आणि घासणी असा एकच उपाय करतात आणि डाग गेला नाही की बाटली फेकून देतात. पण हे तीन डाग तीन वेगळ्या कारणांनी पडतात. त्यातला एकच तब्येतीला खरा धोकादायक आहे, आणि तोच सहसा नजरेआड राहतो.

पांढरा थर : पाण्याचा दोष

या दोन तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याचं पाणी येतं, पण असंख्य घरं आणि वस्त्या विहिरी-बोअरवरच चालतात. जमिनीखालच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ते जास्त असले की आपण पाणी 'जड' आहे म्हणतो. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते हेच पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

बाटलीत राहिलेले थेंब सुकतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. हा थर दिसायला वाईट, पण पोटाला त्याचा त्रास नाही. तो साबणाने निघत नाही, आंबटाने निघतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून बाटली तासभर ठेवा. थर जुना असेल तर रात्रभर ठेवा, मग ब्रशने हलकं घासा. पांढरं व्हिनेगर असेल तर तेही चालतं. घरी आरओचं पाणी असेल तर शेवटची विसळ त्याने करा, म्हणजे थर पुन्हा लवकर धरत नाही.

पिवळा-नारिंगी डाग : उन्हाचं काम

सायकलची पिचकणारी बाटली मऊ प्लास्टिकची असते आणि तिच्यात रंग मुरतो. नारिंगी एनर्जी पावडर, कोकम सरबत ही कारणं सहज लक्षात येतात. न सुचणारं कारण म्हणजे भाजीची कढई घासलेली तेलकट घासणी! तिच्यातली हळद बाटलीला लागते. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे साड्या वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. बाटली साबणाने धुऊन, उघडी करून एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवा. कृत्रिम रंग हळदीइतका सहज जात नाही, पण फिका पडतो. मात्र महिनाभर उन्हातच ठेवू नका, प्लास्टिक कडक होऊन तडकतं. बाटलीसाठी घासणी वेगळी ठेवा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

काळा ठिपका आणि गुलाबी बुळबुळीत थर : इथे हयगय नको

ही बुरशी आणि जिवाणूंची वाढ आहे. साखर, ओल आणि ऊब मिळाली की ती वाढते, आणि सायकलच्या बाटलीत तिन्ही असतात. लिंबू सरबत, ताक किंवा उसाचा रस घेऊन निघालं, घरी येऊन बाटली झाकण लावून तशीच ठेवली, की दुसऱ्या दिवशी वास येतोच. ओआरएसचं पाणीही 24 तासांनंतर पिऊ नये, उरलेलं ओतून द्यावं.

ही वाढ बाटलीच्या पोटात कमी आणि तोंडात जास्त असते. म्हणून झाकण काढा, ओढायचा नळ निघत असेल तर तो काढा, रबराचं वायसर टाचणीने उचलून बाहेर घ्या. सगळे भाग कोमट पाणी आणि साबणाने, जुन्या टूथब्रशने घासा. त्यानंतर एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा बिनवासाचं साधं ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवा आणि तीन-चार पाण्यांनी खळखळून विसळा. स्टीलच्या बाटलीला ब्लीच वापरू नका, स्टील खराब होतं. तिथे कवळी धुण्याच्या गोळ्या चालतात, त्या मेडिकलमध्ये मिळतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका : ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पांढरा थर आज काढा, ब्लीच उद्या वापरा. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर बाटलीच्या जवळही आणू नका.

वाळू किंवा राखेने घासायची जुनी सवय प्लास्टिकसाठी वाईट. ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यातच अडकते. उकळतं पाणीही नको, बाटली वेडीवाकडी होते. हाताला सोसेल इतकंच कोमट पुरे.

डाग पडूच नयेत म्हणून

सायकलला दोन बाटल्या लावत असाल तर एकीत फक्त साधं पाणी ठेवा, सरबत-पावडर दुसरीत. घरी आल्यावर आंघोळीआधी बाटली विसळा, उलटी करून उघडी सुकवा आणि झाकण वेगळं ठेवा. हे रोज केलं तर ब्लीचची वेळ क्वचितच येते.

गाळप हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची माती आणि चिखल असतो. पुढच्या चाकाने उडालेला तो चिखल थेट बाटलीच्या तोंडावर येतो. त्यात शेणही असतं, आणि आपण तोच नळ दाताने ओढतो. भिगवणला रोहित पक्षी बघायला पहाटे निघणाऱ्यांनी किंवा पंढरपूरच्या सायकल वारीत जाणाऱ्यांनी तोंडावर टोपण असलेली बाटली घ्यावी. पुणे-बारामतीसारख्या शर्यतीत सायकलपटू रिकामी बाटली टाकून नवी घेतो. आपली मात्र तीच वर्षभर चालते.

वायसर काळं पडून घासूनही साफ होत नसेल, तर आधी फक्त वायसर किंवा झाकण बदलता येतं का ते सायकलच्या दुकानात विचारा. आतून ओरखडे पडलेली किंवा धुऊनही वास मारणारी बाटली पिण्यासाठी ठेवू नका, तिच्यात पंक्चरचं सामान ठेवा.