कड्याकडून खेकड्याकडे

साठी उलटल्यावर माणसाने नवी भाषा शिकावी, बाजाची पेटी शिकावी, फार तर एखादा नवा आजार जडवून घ्यावा. पण नवा पदार्थ करायला शिकू नये. हा सुविचार मला सुचला तेव्हा फार उशीर झाला होता. कमरेला सौ.चा एप्रन होता, नाकाच्या शेंड्यावर मैदा होता आणि कढईत कांद्याची एक चकती अगदी उघडीवाघडी पोहत होती. मी मोठ्या प्रेमाने तिच्या अंगावर चढवलेलं पीठ शेजारीच वेगळं तळलं जात होतं. दोघांची ओळख असल्याचं कोणाला सांगूनही पटलं नसतं.

त्याचं असं झालं. आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहतो. या नावाने फसू नका. इथे चांदी नाही आणि पार्कही नाही. पुढे गोल्डन नेस्ट लागतं, तिथे सोनं नाही आणि घरटंही नाही. रस्ता आहे, रिक्षा आहेत, डोक्यावर मेट्रोचा पूल आहे आणि पावसाळ्यात गुडघाभर विचार करायला लावणारं पाणी आहे. तर अशाच एका पावसाळी रविवारी आमची अकरा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, घरी ऑनियन रिंग्ज करू या ना!" आदल्या आठवड्यात तिच्या बापाने तिला कुठल्याशा झगमगीत हॉटेलात त्या खिलवल्या होत्या. सहा कडी. त्या पैशात दोन किलो कांदे येऊन वर कोथिंबीर फुकट मिळाली असती.

"आज कांदेनवमी आहे," सौ. म्हणाली. "भजी करणारच आहे मी."

"भजी नको. रिंग्ज!"

आणि या वाक्यातून माझ्यातला पुरुषार्थ जागा झाला. "त्यात काय आहे?" मी म्हटलं. जगातली बहुतेक युद्धं याच तीन शब्दांनी सुरू झाली असावीत.

पहिला घाणा वर सांगितलाच आहे. नातीने मैत्रिणीच्या आईकडून कृती लिहून आणली होती, ती मग आम्ही नीट वाचली. चूक माझीच होती. कांद्याच्या प्रत्येक पाकळीच्या आतल्या अंगाला एक पातळ, बुळबुळीत पापुद्रा असतो. तो काढला नाही, की पीठ त्याच्यावरून घसरतं. शिवाय चिरलेला कांदा ओला असतो. म्हणून आधी कडी पुसायची, कोरड्या मैद्यात घोळवायची आणि मगच ओल्या पिठात बुडवायची. पीठ मैद्याचं, थोडी तांदळाची पिठी घातलेलं, आणि भिजवायचं बर्फासारख्या गार सोड्याने. कारण गार पाण्यात मैद्याला चिवटपणा कमी सुटतो आणि सोड्याचे बुडबुडे आवरण हलकं करतात. शेवटची ओळ होती: पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे.

अर्धा तास! निवृत्त माणसाला अर्धा तास आणि एक श्रोता मिळाला, की तो इतिहास सांगतो. मी एप्रन सावरून स्टुलावर बसलो.

"बाळ, तुला वाटतं या रिंग्ज परवाच्या आहेत. १८०२ साली लंडनमध्ये जॉन मोलार्ड नावाच्या आचाऱ्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की कांद्याच्या अर्धा इंच जाडीच्या चकत्या कापा, कडी सुटी करा, पीठ, साय, मिरपूड आणि चीज यांच्या मिश्रणात बुडवा आणि चरबीत तळा. १८०२! म्हणजे आपला दुसरा बाजीराव इंग्रजांशी वसईचा तह करत होता त्याच साली. इथून खाडी ओलांडली की वसई. इकडे पेशवाई तळली जात होती, तिकडे कांदा."

"मग हॉटेलात कधी आल्या?"

"अमेरिकेत. १९२१ साली डॅलसला पिग स्टँड नावाचं हॉटेल निघालं. मोटारीतून न उतरता खायची सोय. तिथल्या आचाऱ्याच्या हातून कांदा चुकून पिठात पडला, अशी कथा सांगतात."

"चुकून कसा पडेल?" आतून सौ. म्हणाली. "कांदा काय पाय घसरून पडतो?" इतिहास संशोधक मंडळात ही असती तर बऱ्याच बखरी बाद झाल्या असत्या.

"आणि भजी कोणी शोधली?" नातीने विचारलं.

इथे मी घसा साफ केला. भज्याचा शोध कोणी लावला हे कुठे कोरून ठेवलेलं नाही. पण भज्यात जे जे पडतं त्याची वंशावळ सांगता येते आणि ती फार लाजिरवाणी आहे. हरभरा मुळातला पश्चिम आशियाचा. कांदा मध्य आशियाकडचा. हे दोघे निदान हजारो वर्षांपूर्वी आले, त्यामुळे त्यांना आपण घरचे म्हणू. पण मिरची अमेरिकेची; ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. ज्या शेंगदाण्याच्या तेलात आमच्या पिढीने भजी तळली, तो शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे तुकोबांच्या आजोबांच्या आजोबांना मिरची घातलेलं भजं ठाऊक असण्याचा संभव नाही. हे पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत, दोनशे वर्षं इथेच आपल्या शेजारी नांदले. यांचेच भाऊबंद जपानात गेले आणि तिथे उपासाच्या दिवसांत पिठात बुडवून तळायची रीत त्यांनी शिकवली. तिचं टेंपुरा झालं, असं मानतात. थोडक्यात काय, अस्सल मराठी म्हणून आपण जे भजं छातीला लावतो त्यात इथलं काय? तर एके काळी मीठ तेवढं भाईंदरच्या मिठागरांतलं असायचं. आणि भजी आमचीच हा हट्ट, तो पूर्णपणे स्वदेशी.

"आणि कांदा कापताना रडू येतं ते?"

"त्यावर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोध लावला. कांदा कापला की रडवणारा वायू तयार होतो, त्याला कारण असलेलं खास विकर त्यांनी हुडकून काढलं. २०१३ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं ते बक्षीस."

पण कांदा काही फक्त कापणाऱ्यालाच रडवत नाही. भाव पडला की पिकवणारा रडतो आणि चढला की खाणारा. स्वित्झर्लंडमधली मोठी नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि १९७८ मध्ये कांद्याच्या भावासाठीच त्यांनी चाकणला आंदोलन उभं केलं. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या प्रचारात महागलेला कांदा होता. १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार हरलं, तेव्हाही लोक कांद्याकडेच बोट दाखवत होते. लासलगावच्या कांद्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढा मान असूनही शेतकरी कांदाचाळ राखत भावाची वाट बघतो आणि आपण पाच रुपये वाढले तर भाजीवाल्याशी भांडतो.

घड्याळात अजून बारा मिनिटं होती. तेवढ्यात बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन आल्या होत्या. त्या जैन आहेत. कांदा, लसूण, बटाटा काही खात नाहीत. पण पावसाचा आणि बेसनाचा संबंध त्यांनाही मान्य आहे. म्हणून दर पावसाळ्यात सौ. त्यांच्यासाठी वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात, वेगळ्या झाऱ्याने कच्च्या केळ्याची भजी करते. ती कढई घेऊन त्या स्वतःच येतात. त्यांनी आमच्या ओट्यावरचा कांद्याचा ढीग पाहिला, हसल्या आणि पदर नाकाला न लावता, खिडकीजवळची खुर्ची धरून बसल्या. याला मी शेजारधर्म म्हणतो.

"बेन कांदा का नाही खात?" नातीने माझ्या कानात विचारलं.

"त्यांनी सोडलाय. आपल्याकडेही सोडतात. म्हणून तर आज कांदेनवमी. आषाढ शुद्ध नवमी. परवा एकादशी, तेव्हापासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. पूर्वी घरोघर चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद असायचं. म्हणून आज पोटभर कांदा खाऊन घ्यायचा. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची भाकरी. उपासाच्या तयारीला अजीर्ण करून घेणारे आपण एकटेच."

खरं तर कांद्याला शास्त्राने कधी धड घरात घेतलंच नव्हतं. मनुस्मृतीने द्विजांना कांदा वर्ज्य ठरवला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला फाहियान लिहितो, की मध्यदेशातले लोक कांदालसूण खात नाहीत. सातव्या शतकातला ह्युएनत्संग तर लिहून गेलाय, की कांदा खाणाऱ्याला गावकुसाबाहेर काढतात. हा नियम आज लावला, तर सबंध मुंबई रिकामी होऊन विरारच्या पुढे जाईल. पण गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनी, शेतात राबणाऱ्यांनी कांदा सोडला नाही. भाकरीवर बुक्कीने फोडलेला कांदा हेच त्यांचं पक्वान्न होतं. अरणच्या सावता महाराजांना विठोबा भेटला तो मळ्यातल्या भाजीपाल्यातच. सोवळ्यातला कांदा मात्र मागच्या दाराने आला आणि भजं होऊन आला. बेसनाचा अंगरखा घातल्यावर आत कोण आहे हे विचारायचं नाही, असं ठरलं असावं.

"म्हणजे तुमच्या लहानपणी पण कांदेनवमी असायची?"

असायची. आणि भजी माझी आजी करायची. मी ऐटीत सांगू लागलो. आजी कडी-बिडी करत नसे. कांदा विळीवर उभा, लांब चिरायचा, मीठ लावून ठेवायचा. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर ओढतं. त्या पाण्यातच मावेल तेवढं बेसन, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन, आणि पाणी एक थेंब नाही. मग तेलात सोडलं की कांद्याच्या नांग्या सगळ्या बाजूंनी फुटायच्या. खेकडा भजी. सिंहगडावर पिठलं-भाकरीबरोबर खातो ना, तशीच. चव न घेता आजीला मीठ कळायचं. "तेलाचा फेस बसला, की काढायचं, भजं आपणहून सांगतं," असं म्हणायची.

"चव का नाही घ्यायची?"

"ती कांदा खात नसे."

"बेनसारखी?"

मी हो म्हणणार होतो. पण खिडकीजवळ बेन बसल्या होत्या आणि खोटं बोलवेना. बेननी कांदा स्वतः सोडला होता. माझ्या आजीचा तो सोडवला होता. सव्विसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि कुंकवाबरोबर ताटातला कांदा, लसूण, मसूर सगळं गेलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. मी लहानपणी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली होती, "मला मेलीला त्याचा वासच सहन होत नाही." ते मी खरं मानलं. पुढे ती गेल्यावर तिचा भाऊ भेटायला आला. माहेर निफाडकडचं. बोलता बोलता म्हणाला, "लहानपणी मळ्यात गेली, की ही कांदा उपटायची, दगडावर फोडायची आणि नुसता खायची. आई ओरडायची, की तोंडाला वास येतो, तुला कोण करून घेईल." आणि ती बाई पुढे पन्नास वर्षं दर कांदेनवमीला चुलीपुढे बसून तो वास घेत होती.

नातीने सगळं ऐकलं. मग तिने विचारलं, "मग तुम्ही तिला एक भजं का नाही दिलं?"

काय सांगणार? घरात आम्ही अकरा माणसं. वडील शाळेत शिकवायचे, एक काका सुधारक होते, विधवाविवाहावर भाषणं करायचे. भाषण करून आले, की भज्यांवर ताव मारायचे. कोणाच्याही मनात आलं नाही. आम्ही फक्त आणखी एक घाणा मागितला.

फ्रीजमधलं पीठ गार झालं होतं. दुसऱ्या खेपेची कडी मात्र झकास झाली. गोल, सोनेरी, कुरकुरीत. टाळी वाजवावी अशी. चार कांद्यांतून चौदा कडी निघाली. बाकी आतली बारकी वर्तुळं, टोकं, तुटलेले तुकडे असा परातभर ढीग उरला. कड्याला फक्त देखणा कांदा चालतो. खेकड्याला सगळे चालतात. सौ.ने त्या ढिगाला मीठ लावलं, दहा मिनिटांनी बेसन भुरभुरलं आणि भजी सोडली. बेनच्या कढईत केळ्याची भजी फुगत होती. नातीने कडीही खाल्ली आणि भजीही. रिंग्ज श्रेष्ठ की खेकडा, या वादात तिने भाग घेतला नाही. तिचं तोंड रिकामं नव्हतं.

एवढ्यात माझं लक्ष गेलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. आमच्या घरात भज्यांचा पहिला घाणा माझ्या ताटात, दुसरा मुलांच्या, तिसरा पाहुण्यांच्या आणि उरलंसुरलं, गार झालेलं, ओट्याशी उभ्याने खायला सौ. हा क्रम कुठल्या स्मृतीत लिहिला आहे कोण जाणे. मी कढईतली गरम चार भजी बशीत काढली आणि तिच्यापुढे धरली.

तिने झारा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसून माझ्या कपाळाला लावून बघितला.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"आधी तू खा."

तिने एक भजं मोडलं, फुंकर मारली, तोंडात टाकलं. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली आणि दुसरं उचललं.