स्पीकर आहे की गिझर? अँप्लिफायरबद्दलचे ५ गैरसमज आणि त्यामागचं विज्ञान

गणपती जवळ आले किंवा घरात नवं होम थिएटर आलं की वॅटचे आकडे कानावर पडू लागतात. "आपला साउंड पाच हजार वॅटचा आहे," असं कुणी सांगितलं की एखादा मुरलेला मेकॅनिक हमखास विचारतो, "मग घरातला फ्यूज अजून शाबूत कसा?" नवख्यांच्या अशा समजुतींवर साउंडवाल्यांमध्ये भरपूर हशा पिकतो. पण नेमकं चुकतं कुठे, हे माहीत नसेल तर पैसे, स्पीकर आणि कान, तिन्ही जाऊ शकतात.

१. "बॉक्सवर ५००० वॅट लिहिलंय!"

हा आकडा बहुधा पीएमपीओचा असतो. तो कसा मोजायचा, याचं सर्वमान्य मानक नाही. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यातून साधारण ३,६८० वॅट मिळतात. सलग ५००० वॅट म्हणजे दोन गिझर आणि वर एक इस्त्री! म्हणूनच "स्पीकर घेतलास की गिझर?" असा टोमणा बसतो. खरेदी करताना आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी शक्ती पाहावी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर घरगुती अँप्लिफायरच्या फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्येच नियम केला.

२. "वॅट दुप्पट, आवाज दुप्पट"

५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अँप्लिफायर आणला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ऐकताना "थोडा वाढला" इतकंच जाणवतं. दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० पट शक्ती लागते. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहणं फायद्याचं. १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर, ८४ डेसिबलवाल्याइतकाच आवाज निम्म्या शक्तीत देतो.

३. "अँप्लिफायर लहान आहे, स्पीकर कसा जळेल?"

यावरचं ठरलेलं उत्तर, "जळाला की वास येईल, तेव्हा कळेल." लहान अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर वाजवला की ध्वनिलहरींचे शेंडे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. अशा वेळी ५० वॅटचा अँप्लिफायर जवळपास १०० वॅटपर्यंत शक्ती स्पीकरमध्ये ढकलू शकतो. शिवाय उच्च वारंवारितेचा भाग वाढतो आणि तो जातो नाजूक ट्विटरकडे. तिथली बारीक तारेची कॉइल तापून जळते. आवाज फाटू लागला की व्हॉल्यूम लगेच कमी करावा.

४. "४ ओहम कमी, म्हणजे अँप्लिफायरवर भारही कमी"

प्रत्यक्षात उलट आहे. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. अडथळा कमी झाला की प्रवाह वाढतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ ओहम होतात, चार जोडले तर २ ओहम. हौसेने स्पीकर वाढवत गेलं की अँप्लिफायर तापतो, मग बंद पडतो. "अँप्लिफायरवर चहा ठेवता येईल," हा विनोद इथूनच येतो. मागच्या बाजूला किमान किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं.

५. "स्पीकर नवीन, पण बेस गायब"

"चोरी झाली, तक्रार दे," असा सल्ला मिळतो. बऱ्याचदा एका स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी लागलेली असते. मग एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचे सूर एकमेकांना खोडतात. अँप्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या की बेस परत येतो.

कानांचं गणित मात्र वेगळं

स्पीकर बदलून मिळतो. आवाजामुळे कानाच्या आतल्या केसपेशी मेल्या तर त्या पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात ८ तासांची मर्यादा आहे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास. म्हणजे वॅट दुप्पट केल्याने ऐकताना जो फरक जेमतेम कळतो, त्याने कानाची सुरक्षित वेळ थेट अर्धी होते.