आजीची हाक

आपल्या धर्मांतराचा इतिहास आपण तारखांनी सांगतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्कारावेळी, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना धम्मदीक्षा दिली. त्यांत माझी आजी होती, अठरा वर्षांची. आज ती सांडोरला आमच्या घरी अंथरुणाला खिळली आहे, आणि रात्री मरीआईला हाका मारते.

मी मुलांना बावीस प्रतिज्ञा समजावून सांगणारा मास्तर. एका रात्री तिच्यावर ओरडलो. शेजारच्या ख्रिस्ती मावशी जपमाळ घेऊन तिच्या उशाशी बसतात. त्या म्हणाल्या, "अरे, ती आयेला हाक मारते." खरेच होते. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेणे महारांच्याच वाट्याला येई. आजीची आई अशाच एका साथीत गेली. देवी आणि आई तिच्या तोंडी एकच झाल्या.

सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. तिथे मी विद्यार्थ्यांना अभिमानाने नेतो. घरातला हा थर मात्र मला खरवडून टाकायचा होता. (शिकलेल्या नातवाचे हेही एक सोवळेच!)

आता तिने हाक मारली की मी 'ओ' देतो. मग ती आपणहून त्रिसरण म्हणू लागते, कधी अर्धेच.