सांबराचे ‘एल्क’ कसे झाले?

शिकारीचा विषय निघाला म्हणजे बंगळुरातील मराठी मनुष्याला प्रथम आठवतात ते शहाजीराजे. ज्यांच्या जहागिरीमुळे या नगराचा महाराष्ट्राशी ऋणानुबंध जडला, त्या राजांचा अंत २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून झाला. ती शिकार घोडदौडीची, सरदारी इतमामाची. आम्हांस जिच्याविषयी लिहावयाचे आहे ती निराळी. जेथे घोड्यावरून उतरून, वारा पाहत, दबकत पायी जावे लागते अशा उंच डोंगरातली ती शिकार होय. आणि तिच्या वाटांपैकी एक बंगळूरच्या छावणीतून निघत असे.

श्रीरंगपट्टणची रोगट हवा मानवेना म्हणून इंग्रजांनी १८०९ साली आपले लष्कर बंगळुरास हलविले. पुढे दहा वर्षांनी कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन नीलगिरीवर चढला, आणि लवकरच उटकमंड वसले. तेव्हापासून रजा मिळाली की छावणीतला गोरा अंमलदार म्हैसूरवरून त्या थंड डोंगरांकडे धाव घेऊ लागला. दोड्डबेट्टाचे शिखर २,६३७ मीटर उंचीचे. त्याच्या आसपास लाटांसारखे पसरलेले गवताळ माथे, आणि दोन माथ्यांमधल्या प्रत्येक घळीत शोला नावाचे ठेंगणे, दाट, ओलसर रान. स्कॉटलंडची आठवण यावी असा हा मुलूख. त्यात सांजसकाळी गवतावर चरणारा आणि दिवसा शोल्यात बसणारा, गर्द तपकिरी रंगाचा एक थोराड मृग या मंडळींनी पाहिला आणि त्याला नाव दिले ‘एल्क’.

हा मृग म्हणजे आपले सांबर. कानडीत त्याला कडवे म्हणतात, तमिळात कडमान. एल्क हा प्राणी उत्तर युरोपातला. त्याची शिंगे फावड्यासारखी पसरट असतात. सांबराच्या शिंगाला तीनच टोके, आणि दोहोंत साम्य म्हणावे तर धिप्पाडपणाचे. मग ही गफलत झाली कशी? कारण असे की, इंग्लंडात एल्क कित्येक शतकांपूर्वीच नामशेष झाला होता. प्राणी गेला, शब्द उरला. असा पोरका शब्द मग परदेशी जो मोठा मृग दिसेल त्याला चिकटविण्यास मोकळा होतो. अमेरिकेत तो वापिटीला चिकटला, आणि दक्षिण हिंदुस्थानात व सिंहलद्वीपात सांबराला. सिंहलद्वीपात नुवारा एलियाच्या डोंगरांत सॅम्युएल बेकर हा गृहस्थ कुत्र्यांचा तांडा सोडून, हाती केवळ सुरा घेऊन ज्या ‘एल्क’ची शिकार करी, तीही सांबरेच. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाच्या कर्त्यांनी या नावाच्या अनुचितपणाबद्दल आपल्याच देशबांधवांना टोला हाणला आहे, पण शिकाऱ्यांनी कोश कधी वाचले आहेत!

एवढ्यावर हे थांबले नाही. डोंगरकड्यांवरचा ताहर, जो बकऱ्याचा भाऊबंद, तो ‘आयबेक्स’ झाला. भेकर ‘जंगली मेंढी’ झाले. आणि उटकमंडच्या हंटात कोल्ह्याऐवजी जीन्स कोटातल्या नव्हे, लाल कोटातल्या स्वारांपुढे बिचारा रानकोल्हा धावू लागला. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसांनी परक्या डोंगरात आपले गाव मांडले, असे समजून हे सोडून देता आले असते. परंतु नावापाठोपाठ हक्क येतो, हे विसरता येत नाही.

चहाकॉफीच्या लागवडीने रान आक्रसले, बंदुका वाढल्या. माद्या आणि पाडसेसुद्धा सुटेनात. तेव्हा १८७७ मध्ये शिकाऱ्यांनीच नीलगिरी गेम असोसिएशन स्थापली, आणि १८७९ साली मद्रास सरकारने नीलगिरीपुरता शिकार व मत्स्य संरक्षणाचा कायदा केला. शिकारीचा बंद हंगाम ठरविण्याची सोय झाली, मोडणाऱ्याला दंड आला, पुढे परवाने आले. या कायद्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आज मुकुर्तीच्या पठारावर सांबर आणि ताहर दिसतात त्याला तो बऱ्याच अंशी कारण आहे.

पण रक्षण कोणासाठी? शिकारीची मौज टिकावी यासाठी. त्यामुळेच सांबर मारणाऱ्या रानकुत्र्याचा नायनाट हे पुण्यकर्म ठरले. आणि त्यामुळेच त्या डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळी व फासे लावून पोट भरणारा कुरुंब किंवा इरुळ एका रात्रीत चोरटा शिकारी ठरला. त्याच कुरुंबाला साहेब वाटाड्या म्हणून पुढे घाली. सांबर कोणत्या शोल्यात बसले आहे, हाका दिल्यावर कोणत्या तोंडाने बाहेर पडेल, हे त्याला ठाऊक असे. शिंगे मात्र बंगल्याच्या भिंतीवर लागली आणि शिकारीच्या पुस्तकावर साहेबाचे नाव लागले. त्या पुस्तकांत शिंगांची लांबी इंचांत मोजून दिलेली आढळते. हाकाऱ्याचे नाव क्वचितच.

नीलगिरीचा कित्ता म्हैसूर संस्थानाने गिरविला. १९०१ साली तेथेही शिकार व मत्स्य संरक्षणाचा कायदा झाला, आणि बंदीपूरचे रान महाराजांच्या शिकारीसाठी राखले गेले. १९७३ मध्ये तेच व्याघ्रप्रकल्पात गेले. त्याच्या आदल्या वर्षीच्या वन्यजीव कायद्यापासून परवान्याच्या शिकारीचा हा अध्याय मिटत गेला. बंगळुराहून उटीकडे मोटारीने जाणारा प्रवासी आता याच रानातून जातो, आणि २००९ पासून रात्री हा रस्ता रहदारीला बंद असतो. सांबरे बहुधा त्याच वेळी बाहेर पडतात.

आणि नाव? उटीत एक टेकडी आजही ‘एल्क हिल’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्यावर मुरुगनाचे देऊळ आहे. तमिळ पुराणकथा सांगते की, या देवाची प्रिया वल्ली ही हरिणीच्या पोटी जन्मली आणि डोंगरातल्या पारध्यांच्या घरी वाढली.