प्रवाळ का कोमेजते? आधी निदान, मग उपचार

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात प्रवाळ वाढविण्याचा छंद अमेरिका व युरोपात चांगलाच रुजला आहे. प्रवाळ फिकट पडू लागले की छांदिष्टाचा हात प्रथम औषधाच्या बाटलीकडे जातो. निदानाआधी केलेला हा उपचारच अनेकदा प्रवाळाच्या मुळावर येतो.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे. ती पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या ऊतींत झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणाद्वारे प्रवाळाला बहुतांश अन्न पुरवितात. हे सहजीवन बिघडले की त्याची पहिली खूण रंगात उमटते.

लक्षणे काय सांगतात?

रंग उडून प्रवाळ पांढरे झाले, तरी वर ऊतींचा पारदर्शक थर शाबूत असेल तर ते जिवंत असते. पाण्याची उष्णता वाढणे किंवा नवे प्रखर दिवे बसविणे ही त्याची नेहमीची कारणे. उलट रंग तपकिरी होत असेल तर प्रकाश अपुरा किंवा नायट्रेट व फॉस्फेट अधिक असल्याची शंका घ्यावी. बुंध्याकडून ऊती हळूहळू मागे सरून सांगाडा उघडा पडत असेल, तर अल्कतेतील चढउतार तपासावेत. काही तासांतच ऊती गळू लागल्यास मात्र निरोगी फांदी तोडून वेगळी काढणे, हाच मार्ग उरतो. गोलसर चाव्यांच्या खुणा चपट्या कृमींचा उपद्रव सूचित करतात.

पाण्याची तपासणी

क्षारता दर हजारी ३५ भाग आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. अल्कता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम प्रतिलिटर ४०० ते ४५० मिलिग्रॅम व मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असणे इष्ट. आकड्यांपेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. अल्कता एका दिवसात १ डीकेएचहून अधिक बदलू देऊ नये. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उरते. म्हणून घट भरून काढताना मीठ न घातलेले शुद्ध पाणीच वापरावे. मोजणीचे उपकरणही प्रमाणित द्रावणाने पडताळून घ्यावे. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे प्रवाळाला घातक ठरतात.

एका वेळी एकच बदल करावा, त्याची तारखेसह नोंद ठेवावी आणि परिणामासाठी एक-दोन आठवडे थांबावे. सगळे उपाय एकदम केल्यास कशाने गुण आला वा बिघडले, हे कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ती समुद्रातून काढणे व विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे दुकानात ती विक्रीस दिसली, तरी मोह आवरलेलाच बरा.